काकांच्या नावाचं बिल

काका गेले, तरी पाण्याचं बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं. आत्याला त्यात काही खटकलं नाही. उलट दर दोन महिन्यांनी पाकिटावर छापलेलं ते पूर्ण नाव बघून आपल्याला बरं वाटायचं, असं तिने मला फार नंतर सांगितलं. मग कधीतरी कागदी बिल यायचं थांबलं. आता बिल फोनवर येतं, असं तिच्या कानावर आलं. कुणाच्या फोनवर, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला वाटलं, परगावी असलेला मुलगा भरत असेल. मुलाला वाटलं, आईच भरते. असे आठ महिने गेले.

त्यानंतर एका दुपारी तिच्या फोनवर मेसेज आला. मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला पाणी तोडलं जाईल, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. आत्याने फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. घाबरू नका म्हणाला, मी ऑफिसमधूनच बोलतोय, पाच मिनिटांचं काम आहे. त्याने तिच्याकडून एक ॲप घेववलं, एक अगदी किरकोळ रक्कम भरायला सांगितली, आणि त्या ॲपमधून तिच्या फोनचा सगळा पडदा त्याला आपल्या समोर असल्यासारखा दिसत राहिला. कार्डचा नंबर, मग आलेला ओटीपी, सगळं. पैसे तीन खेपांत गेले. मला हे तिने तिसऱ्या दिवशी सांगितलं.

मी पहिलं वाक्य काय बोलले, ते मला आजही बोचतं. “अगं, तू असं कसं केलंस?” आत्या गप्प झाली. आयुष्यभर तिने घराचा हिशेब चोख ठेवला होता. माझ्या त्या प्रश्नाने तिचा तोही आधार काढून घेतला. तीन दिवस ती का बोलली नाही, याचं उत्तर माझ्या त्या वाक्यातच होतं. फसवणूक झाल्यावर पहिले काही तास सगळ्यांत मोलाचे असतात. बँकेला लगेच कळवलं, तर पैसे पुढे सरकण्याआधी वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, खातं आणि कार्ड गोठवता येतं. पण माणूस आधी घरच्यांच्या नजरेला घाबरतो, आणि ते तास लाजेत निघून जातात. आता मी ओळखीच्या प्रत्येक घरात सांगते की असं काही झालं तर आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्याच यंत्रावरून बदला, पोलिसांत तक्रार नोंदवा. आणि घरातल्या बाकीच्यांनी त्या दिवशी ‘कसं केलंस’ हा प्रश्न विचारायचा नाही.

तो मेसेज आत्याला निवडून पाठवलेला नव्हता. असे मेसेज हजारो नंबरांवर एकाच वेळी सोडलेले असतात. ज्याचं बिल कालच भरलेलं आहे आणि पावती हाताशी आहे, तो मेसेज पुसून टाकतो. आत्याच्या बाबतीत मात्र तो खोटा मेसेज एका खऱ्या भेगेत जाऊन बसला. बिल आलेलं नाही, कुणी भरलंय का ते माहीत नाही, ही टोचणी तिच्या मनात कित्येक आठवडे होतीच. त्या माणसाने भीती निर्माण केली नव्हती. घरात आधीच पडून असलेली भीती त्याने उचलली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी फाईल घेऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं की आमच्या दोघींकडे निम्मंनिम्मं ज्ञान आहे. मला फोन कळतो, वेबसाइट कळते, पासवर्ड कळतात, पण पाण्याचा मीटर मी जन्मात वाकून बघितला नव्हता. आत्याला मीटर वाचता येत होता, वॉशर बदलता येत होता, पण बिल कागदावरून उठून पडद्यावर गेलं तेव्हा तिच्या हातून सुटलं. काका होते तोवर ही दोन्ही टोकं एका माणसाच्या हातात होती.

आधी आम्ही काकांचा जुना मोबाइल नंबर फिरवला, कारण खात्याला तोच जोडलेला होता. तो नंबर काका गेल्यावर काही महिन्यांत बंद झाला होता. पलीकडे एका अनोळखी तरुणाचा आवाज आला. बंद झालेले नंबर मोबाइल कंपन्या काही काळाने नव्या ग्राहकाला देतात, तसा तो त्याला मिळाला होता. तो भला मुलगा निघाला. म्हणाला, हो, पाण्याचे मेसेज येतात, मला वाटलं चुकून येतात. त्याच्याकडे काकांचं नाव येत होतं, ग्राहक क्रमांक येत होता, थकलेली रक्कम येत होती. त्याच्या मनात आलं असतं, तर ‘पासवर्ड विसरलो’ या एका बटणाने तो खात्यात शिरू शकला असता, कारण ओटीपी त्याच्याच हाती पडला असता. त्याने तसं काही केलं नाही, हे आमचं नशीब. आत्या फोन ठेवून बराच वेळ बसून राहिली. ज्या नंबरावरून वर्षानुवर्षं ‘निघालो, पोचतो’ ऐकलं, त्या नंबरावर आज परका आवाज होता. बिलाचं काम आम्ही त्या दिवशी तिथेच थांबवलं.

मी त्या काळात पाण्याच्या इतिहासाबद्दल जे हाती लागेल ते वाचत होते, आणि त्यात मला फ्रॉन्टिनस भेटला. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. त्या वेळी नऊ जलवाहिन्या शहरात पाणी आणत होत्या. घरोघरी मीटर अर्थातच नव्हते. ज्याला परवानगी मिळायची, त्याला हौदाच्या भिंतीत ठरावीक मापाची ब्राँझची नळी बसवून दिली जायची आणि तिच्यावर शिक्का असायचा. ती शिक्क्याची नळी म्हणजेच त्याचं खातं. फ्रॉन्टिनसने नोंदी आणि प्रत्यक्ष पाणी यांचा मेळ घालायला घेतला, तेव्हा परवान्यापेक्षा मोठ्या नळ्या सापडल्या, बिनशिक्क्याच्या सापडल्या, रस्त्यांखालून चोरून जोडलेले पाइप सापडले. पण मला थांबवलं ते त्याने नोंदवून ठेवलेल्या एका वेगळ्याच लबाडीने. पाण्याचा हक्क जुन्या मालकाकडून नव्याकडे गेला, की पाणीवाले हौदाला नवीन भोक पाडत आणि जुनं भोक बुजवायचं टाळत. त्या जुन्या भोकातून येणारं पाणी ते गुपचूप विकत.

काकांचा बंद झालेला नंबर म्हणजे हे न बुजवलेलं भोक होतं. खातं कुणाच्या नावावर आहे, त्याला कुठला फोन आणि कुठला ईमेल जोडलेला आहे, हे आपण एकदा भरतो आणि विसरतो. माणसं जातात, घरं बदलतात, भाडेकरू येतात-जातात, नंबर बदलतो, आणि जुनी भोकं तशीच उघडी राहतात. मी माझ्या स्वतःच्या घराचं खातं उघडून बघितलं तर तिथे मी पहिल्या नोकरीत वापरायचे तो ईमेल निघाला. त्याचा पासवर्डसुद्धा मला आठवत नव्हता. ज्या ईमेलवर बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात, तो ईमेल म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. त्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड हवा आणि दुहेरी पडताळणी हवी, म्हणजे पासवर्ड टाकल्यावरही आणखी एक खूण विचारली जाते ती सोय. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करावं, असं मी हट्टाने सांगते.

दुसऱ्या रविवारी आत्याने मला मीटर शिकवला.

फाटकाजवळच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण तिने पायाने सरकवलं. वर कुंड्यांची रांग होती, ती आधी बाजूला करावी लागली. आठ महिने रीडिंग घ्यायला येणारा माणूस त्या कुंड्या बघून परत जात होता आणि बिल ‘सरासरी’ने निघत होतं, हे आम्हाला तिथेच कळलं. आत्याने काचेवरची माती पुसली. काळ्या आकड्यांत पूर्ण घनमीटर, म्हणजे एकेका घनमीटरमागे १,००० लिटर. त्यापुढचे लाल आकडे घनमीटरचा अपूर्णांक दाखवतात, आत्याच्या मीटरवर ते थेट लिटर होते. बिल काळ्या आकड्यांवरच निघतं. कुणी लाल आकडा चुकून काळ्यांत धरला, तर वापर एकदम दहापट दिसतो. एखादा आकडा दोन अंकांच्या मध्ये अडकलेला दिसला, तर लहान अंक धरायचा. आणि बाजूला एक चिमुकली चांदणी असते. घरात कुठेही पाण्याची बारीकशी धार चालू असेल, तर ती फिरते.

“घरातले सगळे नळ बंद आहेत ना?” आत्याने विचारलं. मी आत जाऊन बघून आले. होते. चांदणी फिरत होती.

त्या रात्री दहा वाजता आम्ही आकडा लिहून ठेवला. काळे ०४१२, लाल ३०६. रात्रभर पाण्याला हात लावायचा नाही असं ठरलं. सकाळी सहाला लाल आकडे ३७० होते. आठ तासांत ६४ लिटर पाणी घरातून गेलं होतं आणि दोन झोपलेल्या बायकांनी त्यातला एक पेलाही वापरला नव्हता. तासाला ८ लिटर. दिवसाला १९२. महिन्याला पावणेसहा घनमीटरच्या आसपास. शांत घरात, काहीही न ऐकू येता.

एक दोषी समोरच होता. मोरीतला नळ टपकत होता. त्याखाली मी पाव लिटरचं मापटं ठेवलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत ते भरलं. म्हणजे तासाला एक लिटर. वर्षाला ८,७६० लिटर, आणि हा फक्त एक टपकणारा नळ. पण तासाला आठ लिटर जात होते, मग बाकीचे सात कुठे? आत्या म्हणाली, फ्लशच्या टाकीत रंग घाल. मी टाकीत थोडा गडद रंग टाकला आणि फ्लश न करता वाट बघितली. दहा मिनिटांत खालच्या भांड्याच्या मागच्या भिंतीवरून एक निळसर पट्टी उतरताना दिसली. टाकीच्या तळाचं झडपेचं रबर कडक होऊन वाकलं होतं. फ्लशची गळती फसवी असते ती एवढ्यासाठीच. पाणी थेंबाथेंबाने पडत नाही, गुळगुळीत भिंतीवरून पातळ पडद्यासारखं घसरतं. आवाज होत नाही, लादी ओली होत नाही.

ज्यांच्या घरात रात्रभराचा आकडा बदलतो पण नळ आणि फ्लश दोन्ही निर्दोष निघतात, त्यांनी घराच्या तोंडाशी असलेला मेन कॉक बंद करून पुन्हा चांदणी बघावी. तरीही फिरत असेल, तर गळती मीटर आणि घर यांच्या मधल्या, जमिनीखालच्या पाइपात आहे. बहुतेक ठिकाणी मीटरच्या पुढचा पाइप ग्राहकाच्याच पदरात असतो, त्यामुळे तक्रार करण्याआधी हे बघून ठेवलेलं बरं. गच्चीवर टाकी असेल तर तिचा बॉल कॉकही बघावा. तो नीट मिटत नसेल तर जादा पाणी टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपातून वाहत राहतं आणि बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

मीटरच खोटा चालतो, अशी आपली पहिली शंका असते. माझीही होती. पण यांत्रिक मीटर जुना झाला, आतले भाग झिजले, की तो सहसा हळू चालायला लागतो, म्हणजे वापर कमी दाखवतो. बिल अचानक फुगलं तर मीटरपेक्षा गळतीवर आणि रीडिंगवर आधी संशय घ्यावा. याला एक अपवाद मला माहीत आहे. जिथे पाणी ठरावीक वेळीच सुटतं, तिथे रिकाम्या पाइपात हवा भरलेली असते आणि पाणी यायच्या आधी ती हवा ज्या वेगाने बाहेर ढकलली जाते, त्याने आतलं चक्र फिरतं. हवेचंही बिल लागतं, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. मीटरची अधिकृत तपासणी मागण्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी असतो. फक्त मीटर बरोबर निघाला तर तपासणीचा खर्च कुणी द्यायचा, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावं.

मग आम्ही खऱ्या बिलाकडे वळलो. मी फोनमधला सर्च वापरून मदत क्रमांक शोधायला लागले, तर आत्याने माझा हात धरला. जुन्या फायलीतलं शेवटचं छापील बिल काढलं आणि म्हणाली, यावरच्या नंबरावर कर. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. पण तिचं बरोबर होतं. शोधात वर येणारे मदत क्रमांक पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, आणि फसवणारे नेमके तिथेच बसतात. वेबसाइटचा पत्तासुद्धा बिलावरूनच बघून हाताने टाकावा. काही ब्राउझरांत पत्त्याच्या डाव्या बाजूला दिसणाऱ्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये होणारं बोलणं तिसऱ्याला वाचता येणार नाही. पलीकडे प्रामाणिक माणूस आहे की चोर, हे ते कुलूप सांगत नाही.

कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आठ महिन्यांची थकबाकी खरीच होती, विलंब आकारासकट. आणि आता खरं रीडिंग दिल्यावर सरासरी आणि प्रत्यक्ष यांच्यातला सगळा फरक एकदम अंगावर येणार होता. इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती मी त्या दिवशी शिकले. ज्या ठिकाणी पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणजे थोडं पाणी स्वस्त आणि पुढचं महाग, तिथे आठ महिन्यांचा फरक एकाच बिलात घातला तर तो सगळा वरच्या महाग टप्प्यात जाऊन पडतो. तेच पाणी आठ महिन्यांवर वाटून हिशेब केला तर बराचसा भाग खालच्या टप्प्यात बसतो. हे वाटून मिळावं, असा अर्ज करायचा असतो. आपण विचारलं नाही तर कुणी आपणहून करतंच असं नाही. आम्ही मीटरच्या आकड्याचा फोटो, दुरुस्तीची पावती आणि दुरुस्तीनंतरच्या रात्रीचे न बदललेले आकडे अर्जाला जोडले. गळतीची सूट काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी नाही. पण दुरुस्ती केल्याचा पुरावा हाती असला, की बोलणं सोपं होतं.

आता बिल वाचायला मला आवडतं, हे मी मनापासून सांगते. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, मधले दिवस, आणि रीडिंग प्रत्यक्ष आहे की अंदाजे, एवढ्या चार ठिकाणी आधी डोळा जातो. रक्कम मी शेवटी बघते. दिवसांकडे लोक लक्ष देत नाहीत. एक बिल ५८ दिवसांचं आणि पुढचं ६६ दिवसांचं असेल, तर वापर तोच असूनही बिल वाढतं आणि आपण उगीच घरातल्यांवर ओरडतो. म्हणून एकूण वापराला दिवसांनी भागून रोजचा आकडा काढायचा. आत्याच्या घरचा रोजचा आकडा दुरुस्तीनंतर इतका स्थिर झाला की पाहुणे आले ते दिवससुद्धा त्यात दिसतात.

आपोआप बिल भरलं जायची सोय मी आत्यासाठी सुरू केली आणि दोन महिन्यांत बंद केली. ती सोय वाईट नाही, विसरभोळ्या माणसाला तर फार उपयोगी आहे. पण त्यात बिल कुणी वाचतच नाही. खात्यातून रक्कम जाते, गळती चालू राहते, आणि फ्लशचं रबर वर्षभर तसंच वाकलेलं राहतं. ज्यांना हवी असेल त्यांनी रकमेला वरची मर्यादा घालावी, म्हणजे बिल त्या पलीकडे गेलं की भरणा अडतो आणि माणसाला बघावं लागतं.

हाताने भरताना एक धोका असतो, ग्राहक क्रमांकातला एक आकडा चुकण्याचा. कार्डचा नंबर चुकला तर यंत्र लगेच अडवतं, कारण त्याच्या शेवटच्या आकड्यात बाकीच्या आकड्यांची पडताळणी दडलेली असते. हान्स पीटर लून नावाच्या आयबीएममधल्या अभियंत्याने १९५४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते मंजूर झालं. एक आकडा चुकला तर ती पद्धत हमखास पकडते. आपल्या ग्राहक क्रमांकात अशी काही सोय असेलच असं धरून चालू नये. नाहीतर आपण दुसऱ्याचं बिल भरून बसतो आणि आपली थकबाकी तशीच राहते. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते मोठ्याने वाचायचं, अशी सवय आम्ही लावून घेतली. आत्या ते नाव वाचायची तेव्हा तिचा आवाज थोडा बदलायचा.

दारात येणाऱ्या माणसांबद्दलही आम्ही बोललो. ‘पाणी तपासायला आलोय’ म्हणत दोघे येतात. एक घरच्या माणसाला नळाशी उभं करतो, पाणी चालू ठेवा, रंग बघा म्हणतो, आणि दुसरा तेवढ्यात खोल्यांतून हिंडून येतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर हा डाव फार चालतो. मीटर बाहेर असेल तर आत यायचं कारणच नाही. खऱ्या कर्मचाऱ्याला ओळखपत्र दाखवायला, आणि आपण कार्यालयात फोन करेपर्यंत दाराबाहेर थांबायला राग येत नाही. आत्याला दार लावून घेणं उद्धटपणाचं वाटतं. मी तिला म्हटलं, “तू दार लाव, हवं तर आतून गोड बोल.” ते तिला पटलं.

बिलाचा कागद नुसता केरात टाकायचा नाही, हे तिनेच मला सांगितलं. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सगळं एकाच कागदावर असतं. तीच गोष्ट फोटोची. ‘एवढं बिल कसं आलं?’ म्हणून आपण पूर्ण बिलाचा फोटो दोनशे लोकांच्या ग्रुपमध्ये टाकतो, आणि मग दोन दिवसांनी फोन येतो, पलीकडचा माणूस आपलं नाव आणि ग्राहक क्रमांक अचूक सांगतो, आणि आपला विश्वास बसतो. आपला क्रमांक कुणाला माहीत असणं, हा तो कार्यालयातला असल्याचा पुरावा नाही. स्मार्ट मीटरच्या आलेखाचं तर मला जास्तच वाटतं. तासातासाचा वापर दिसतो, रात्रीसुद्धा आकडा शून्यावर येत नसेल तर गळती लगेच कळते, हे फार चांगलं आहे. पण तोच आलेख घरी किती जण आहेत, कधी उठतात आणि घर कुठल्या आठवड्यात रिकामं होतं, हेही सांगतो. तो कुणाला दाखवू नये.

या सगळ्यात एक काम आम्ही पुढे ढकलत होतो. खात्यावरचं नाव बदलायचं. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, घराच्या नोंदीची प्रत, सगळं जमलं होतं. अर्जही भरलेला होता. आत्या सही करत नव्हती. मी दोनदा आठवण केली, मग थांबले. ज्या कामात माझी घाई आणि तिची तयारी जुळत नव्हती, तिथे घाई करणारी मी कोण? घाईचं काय होतं ते तिने एकदा भोगलं होतं. मोबाइल नंबर आणि ईमेल तेवढे आम्ही लगेच बदलून घेतले, म्हणजे भोक तर बुजलं. नावाचं तिच्यावर सोडलं.

मधल्या काळात दर महिन्याच्या एक तारखेला तिचा मला फोन यायला लागला. आधी काळे आकडे, मग लाल. मी माझ्या वहीत लिहून घेते आणि मागच्या महिन्यातून वजा करून तिला फरक सांगते. तिला तो आधीच माहीत असतो, तरी ती ऐकते. मग ती माझ्या मीटरचा आकडा विचारते. पहिल्या महिन्यात मला तो सांगता आला नाही. आता मी फोन यायच्या आधी खाली जाऊन बघून येते.

चौथ्या महिन्यात तिने स्वतःच अर्ज काढून सही केली. दीड महिन्याने पहिलं नवं बिल आलं. कागदी बिलही आम्ही पुन्हा चालू करून घेतलं होतं. पाकिटावर तिचं नाव होतं. तिने ते उघडलं, रीडिंग बघितलं, दिवस मोजले, बरोबर आहे म्हणाली. मग जुन्या फायलीतून काकांच्या नावाचं एक बिल वेगळं काढलं. मला म्हणाली, बाकीची फाड, हे राहू दे. खिडकीशी बसून तिने काळ्या पेनने ग्राहक क्रमांकावर दोनदा रेघ फिरवली, उजेडात धरून आरपार दिसत नाही ना ते बघितलं, मग पत्त्यावर शाई फिरवली. नाव तेवढं ठेवलं, आणि कागदाची घडी घालून कपाटात ठेवली.